थोडासा गांजा जवळ सापडणं हा गुन्हा असावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गांजाच्या कायद्याबद्दल बोलायला लागलं की दोन मिनिटांत कुणीतरी शंकराचं नाव काढतं आणि कुणीतरी ‘पोरं वाया जातील’ म्हणतं. मधला कायदा कुणी वाचलेला नसतो. म्हणून ही प्रश्नोत्तरं. माझं मत आधीच सांगून टाकतो: स्वतःपुरता गांजा जवळ असणं फौजदारी गुन्हा नसावा, विकणं मात्र गुन्हाच राहावा. पण खाली जे लिहिलंय त्यातला बराच भाग आज लागू असलेल्या कायद्याचा आहे, आणि तो माझ्या मताच्या विरुद्ध असणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

‘गुन्ह्यातून वगळणं’ आणि ‘कायदेशीर करणं’ एकच ना?

नाही. कायदेशीर करणं म्हणजे दुकान, परवाना, कर, पाकिटावर लेबल. कॅनडाने ऑक्टोबर २०१८ मध्ये तसं केलं. गुन्ह्यातून वगळणं म्हणजे पदार्थावर बंदी तशीच, विकणाऱ्याला शिक्षा तशीच, पण ज्याच्या खिशात स्वतःपुरती पुडी सापडली त्याला अटक नाही, कोर्टात आरोपी म्हणून उभं राहणं नाही. फार तर माल जप्त आणि दंडाची पावती. हेल्मेट न घालता सापडल्यावर आपण दंड भरतो, पण गुन्हेगार ठरत नाही, त्यातला प्रकार.

अमेरिकेत ओरेगॉन राज्याने हे १९७३ मध्येच केलं. एक औंसापर्यंत, म्हणजे साधारण २८ ग्रॅम गांजा सापडला तर १०० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग नाही. तिथे दुकानं उघडायला परवानगी मिळायला पुढे चाळीसहून जास्त वर्षं गेली. इतकं अंतर या दोन गोष्टींत असू शकतं.

आज भारतात थोडा गांजा सापडला तर शिक्षा काय?

कायदा १९८५ चा, अमली पदार्थांविषयीचा, ज्याला सगळे एनडीपीएस म्हणतात. त्यातल्या कलम २० प्रमाणे ‘अल्प प्रमाणात’ गांजा बाळगल्यास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१४ आधी ही कैद सहा महिन्यांपर्यंत होती, ती वाढवली. गांजा ओढणं हा कलम २७ खाली वेगळा गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

नीट बघा. ओढला तर सहा महिने, ओढायच्या आधी खिशात असताना पकडला तर वर्ष. शिवाय कलम ३३ प्रमाणे प्रौढ माणसाला परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडण्याची सवलत कलम २७ ला आहे, कलम २० ला नाही. ही सवलत मिळालेल्याच्या कपाळी दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, म्हणून ती महत्त्वाची. थोडक्यात, पोलिसाने कागदावर कोणतं कलम टाकलं यावर पोराची पुढची दहा वर्षं ठरू शकतात.

अल्प प्रमाण म्हणजे किती?

गांजा एक किलोपर्यंत, चरस शंभर ग्रॅमपर्यंत. वीस किलोच्या वर गांजा किंवा एका किलोच्या वर चरस असेल तर ते व्यापारी प्रमाण, आणि तिथे दहा ते वीस वर्षं शिक्षा. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २००१ च्या अधिसूचनेत हे आकडे आहेत.

एक किलो गांजा ‘थोडा’? कोण ओढतं इतका?

कुणीच नाही, आणि हा प्रश्न विचारणारे बरोबर आहेत. एक किलोत शेकडो पुड्या होतात. त्यामुळे ‘भारतात अल्प प्रमाण गुन्ह्यातून वगळा’ असं सरसकट म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तसं केलं तर गल्लीतला विकणारा रोज नऊशे ग्रॅम घेऊन बिनधास्त फिरेल.

२००१ चे आकडे शिक्षेच्या पायऱ्या पाडण्यासाठी होते. माणूस स्वतः ओढणारा की विकणारा, हे ओळखण्यासाठी नव्हते. त्यासाठी वेगळी, बरीच खालची मर्यादा लागते. पोर्तुगालने दहा दिवसांच्या वापराचा हिशेब धरून गांजासाठी २५ ग्रॅम आणि चरसासाठी ५ ग्रॅम ठरवले. जर्मनीनेही १ एप्रिल २०२४ पासून घराबाहेर २५ ग्रॅमपर्यंत सूट दिली. नेदरलँड्समध्ये ५ ग्रॅम. आपल्याकडे असा आकडाच नाही, त्यामुळे पाच ग्रॅमवाला कॉलेजकुमार आणि नऊशे ग्रॅमवाला पुडीविक्या एकाच कलमात बसतात. पहिल्यावर अन्याय होतो आणि दुसरा स्वस्तात सुटतो.

भांग चालते, मग गांजा का नाही? झाड तर एकच.

झाड एकच. पण एनडीपीएसच्या व्याख्येत फुलोऱ्याचे शेंडे (गांजा) आणि राळ (चरस) येतात. शेंड्यांपासून वेगळी केलेली पानं आणि बिया येत नाहीत. भांग पानांची, म्हणून ती केंद्रीय कायद्याच्या बाहेर राहते आणि राज्यांच्या अखत्यारीत जाते. उत्तर प्रदेशात आणि राजस्थानात सरकारी परवान्याची भांगेची दुकानं आहेत.

महाराष्ट्रात मात्र गैरसमज नको. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा भांगेलाही लागू होतो. परवान्याशिवाय भांग बाळगणं इथे गुन्हा आहे, महाशिवरात्र असो की धुळवड. ‘भांग लीगल आहे’ हे वाक्य वाराणसीत खरं आहे, नाशकात नाही. गुजरातने २०१७ मध्ये भांग आपल्या दारूबंदी कायद्यातून वगळली. आपण वगळलेली नाही.

पकडल्यावर नेमकं काय होतं?

कायद्याच्या पुस्तकात शिक्षा शेवटी येते. प्रत्यक्षात ती पहिल्या रात्रीच सुरू होते.

नाक्यावर, टेकडीवर किंवा हॉस्टेलबाहेर झडती होते. अंगझडती असेल तर कलम ५० प्रमाणे पोलिसांनी आधी सांगायला हवं की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा तुम्हाला हक्क आहे. हा हक्क अंगझडतीपुरताच. हातातली पिशवी किंवा सॅक यांना तो लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केलं आहे. मग पंच, पंचनामा, वजन, सीलबंद नमुने, आणि नमुने न्यायसहायक प्रयोगशाळेत. अहवाल यायला वेळ लागतो, आणि तोवर ते गांजाच आहे की नुसता पाला, हे कुणालाच अधिकृतपणे माहीत नसतं.

जामिनाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कलम ३७ च्या कडक अटी व्यापारी प्रमाणाला आणि काही ठरावीक कलमांना लागतात, अल्प प्रमाणाला नाही. पण मग अल्प प्रमाणाचा गुन्हा जामीनपात्र आहे का, म्हणजे ठाण्यातच जामीन मिळायला हवा का? मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१० मध्ये हो म्हटलं. त्याच न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये रिया चक्रवर्ती हिला जामीन देताना म्हटलं की या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत. वर्षभराच्या शिक्षेचा गुन्हा, आणि जामिनासाठी कोर्टाची पायरी. दंडाधिकारी अशा प्रकरणांत बहुधा जामीन देतात, पण शुक्रवारी संध्याकाळी पकडलं तर एखाददुसरी रात्र आत जाते.

खरं तर सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ मध्येही नोटिशीची तरतूद आहे. वकिलाने हा मुद्दा पहिल्याच दिवशी मांडायला हवा.

शेवटी दंडच होतो ना? मग एवढं काय?

दंड भरून सुटता येतं, पण ‘गुन्हा कबूल’ लिहून. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या संस्थेने मुंबईतल्या २०१७ आणि २०१८ च्या प्रकरणांचा अभ्यास केला होता. त्यात जवळपास सगळी प्रकरणं सेवनाची निघाली, त्यातही गांजाची सर्वाधिक, आणि शिक्षा झालेल्यांनी गुन्हा कबूल केलेला होता. पकडलेल्यांत मोठा भरणा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा आणि झोपडपट्टीत वा रस्त्यावर राहणाऱ्यांचा. यात नवल नाही. वकील ठेवून तारखा करण्यापेक्षा दंड भरून संध्याकाळच्या पाळीला कामावर जाणं त्यांना परवडतं.

पण त्या कबुलीने ‘दोषसिद्ध’ हा शिक्का बसतो. चारित्र्य पडताळणी, सरकारी नोकरीचा अर्ज, पासपोर्ट, परदेशी व्हिसाचा फॉर्म, सगळीकडे ‘तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का’ हा रकाना असतो. पुन्हा सापडला तर कलम ३१ खाली शिक्षेची कमाल मर्यादा दीडपट होते. दंडाची पावती आणि दोषसिद्धी यांत रक्कम एकच असेल, परिणाम एक नाही. माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. आपण प्रत्यक्षात आजही वापरणाऱ्याला बहुधा दंडच करतो, फक्त तो अटकेच्या आणि दोषसिद्धीच्या मार्गाने करतो. आणि त्या मार्गावर जी घासाघीस, धमकावणी आणि ‘मिटवामिटवी’ चालते, तिचा हिशेब कोणत्याच अहवालात येत नाही.

मित्राच्या खिशात सापडला, मी नुसता सोबत होतो. मीही आरोपी?

नुसतं सोबत असणं गुन्हा नाही. ताबा ‘जाणीवपूर्वक’ हवा. पण एकदा ताबा दाखवला की एनडीपीएसच्या कलम ३५ आणि ५४ प्रमाणे जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि नव्हती हे आरोपीने सिद्ध करायचं. फ्लॅट तुमच्या नावावर असेल आणि तिथे हे चालतं हे माहीत असूनही चालू दिलं असेल, तर कलम २५ लागू शकतं.

ऑक्टोबर २०२१ मधलं मुंबईचं क्रूझ प्रकरण आठवा. शाहरुख खानच्या मुलाकडे काहीही सापडलं नव्हतं. तरी जामीन मिळून बाहेर यायला त्याला महिना अखेर उजाडली, आणि मे २०२२ मध्ये पुराव्याअभावी त्याचं नाव दोषारोपपत्रातून वगळलं गेलं. देशातले नामांकित वकील उभे असताना ही गत.

कुंडीत एखादं रोप लावलं तर?

लावू नका. लागवडीला ‘अल्प प्रमाण’ ही पायरीच नाही. एक रोप असो की धुळे जिल्ह्यात मक्यात-कपाशीत लपवलेलं शेत असो, कलम २० मधली कमाल शिक्षा तीच: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उत्तराखंडात नशा न चढणाऱ्या औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाने मिळतात, त्याचा घरच्या कुंडीशी संबंध नाही.

व्यसनी माणसाला कायद्यात उपचाराची वाट नाही का?

आहे, आणि ती बहुतेकांना सांगितलीच जात नाही. कलम ६४ए प्रमाणे सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. कलम ३९ न्यायालयाला शिक्षेऐवजी उपचाराला पाठवण्याचा अधिकार देतं. अडचण अशी की दोन्ही कलमं ‘व्यसनी’ माणसासाठी आहेत. महिन्यातून एकदा ओढणारा व्यसनी नाही, त्यामुळे त्याला ही वाट बंद. म्हणजे जो जास्त आजारी तो सुटणार आणि जो कमी आजारी तो आरोपी होणार!

ही बंदी आपल्याकडे आली कुठून?

इंग्रजांच्या काळात गांजा बंद नव्हता, त्यावर कर होता. बंगालमधल्या नौगावला आणि मध्य प्रांतातल्या खंडव्याला सरकारी देखरेखीखाली लागवड व्हायची. विलायतेत ओरड झाली तेव्हा १८९३ मध्ये सरकारने आयोग नेमला. त्याने देशभर अकराशेहून अधिक साक्षी घेतल्या आणि तीन हजारांवर पानांचा अहवाल दिला. निष्कर्ष असा की माफक वापराने फारसं नुकसान होत नाही, अतिवापराने होतं, आणि संपूर्ण बंदीची गरज नाही. वेड्यांच्या इस्पितळांच्या नोंदी आयोगाने तपासल्या, तेव्हा ‘गांजाने वेड लागलं’ असं ज्यांच्यापुढे लिहिलं होतं त्यातल्या बऱ्याच नोंदी चौकशी न करता भरलेल्या निघाल्या. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या कारकुनीचा हा नमुना आजच्या पंचनाम्यांच्या वाचकाला ओळखीचा वाटेल.

पुढे १९६१ चा संयुक्त राष्ट्रांचा करार आला. भारताच्या आग्रहाने पानं त्यातून वगळली गेली, आणि गांजाचा रूढ वापर बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९८५ मध्ये, एनडीपीएस आला.

मग तो करार आता आडवा येणार नाही का?

वापरणाऱ्याला तुरुंगातच टाका, असं बंधन नाही. पोर्तुगाल याच करारांत राहून १ जुलै २००१ पासून आपला कायदा चालवतो आहे. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांजाला सर्वांत घातक पदार्थांच्या यादीतून काढलं. मतदान २७ विरुद्ध २५ असं काठावरचं झालं, आणि काढण्याच्या बाजूने मत देणाऱ्यांत भारत होता.

दुसरीकडे काय अनुभव आला?

पोर्तुगालमध्ये सापडलेल्या माणसाला कोर्टाऐवजी तीन जणांच्या समितीपुढे जावं लागतं. कायदा, आरोग्य, समाजकार्य अशा क्षेत्रांतली ही माणसं. व्यसन नसेल तर समज देऊन सोडतात, असेल तर उपचाराकडे वळवतात. वापराचा स्फोट होईल ही भीती तिथे खरी ठरली नाही.

उलट उदाहरणही सांगायला हवं. ओरेगॉनने २०२१ मध्ये हेरॉइन, मेथ असे सगळेच पदार्थ स्वतःपुरते बाळगणं गुन्ह्यातून वगळलं. १०० डॉलरचा दंड, आणि हेल्पलाइनला फोन केला तर तोही माफ. फोन फारच थोड्यांनी केले, उपचार केंद्रं वेळेत उभी राहिली नाहीत, रस्त्यावर उघड वापर दिसू लागला, लोक वैतागले आणि सप्टेंबर २०२४ पासून ते पुन्हा गुन्हा झालं. हा प्रयोग गांजाचा नव्हता, गांजा तिथे आधीच दुकानात मिळत होता. तरीही पोर्तुगालमधली समिती वगळून फक्त पावती उचलली की काय होतं, ते यात दिसतं.

म्हणजे गांजा निरुपद्रवी आहे, असं तुमचं म्हणणं?

अजिबात नाही. नियमित ओढणाऱ्यांपैकी काहींना सवय जडते आणि सोडताना झोप उडते, चिडचिड होते. कमी वयात सुरुवात केली तर धोका वाढतो. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनियासारख्या आजाराचा इतिहास आहे त्यांनी तर लांबच राहावं. आपल्याकडे तो बहुधा तंबाखूत मिसळून ओढतात, म्हणजे एकाच्या जोडीला दुसरं व्यसन. ओढून गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे आणि तो राहायलाच हवा.

एम्सच्या २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातल्या सुमारे २.८ टक्के, म्हणजे तीन कोटींवर लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं. गांजा-चरसवाले त्यात साधारण १ कोटी ३० लाख. एवढ्या माणसांना पोलीस ठाण्यातून बरं करता येत नाही, एवढंच मी म्हणतो.

सरकारचा काही विचार आहे का? महाराष्ट्र स्वतः काही करू शकतो?

२०२१ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने सुचवलं होतं की स्वतःपुरतं बाळगणाऱ्याला तुरुंगाऐवजी उपचाराकडे पाठवावं. त्याआधी पतियाळाचे खासदार डॉ. धर्मवीर गांधी यांनी खासगी विधेयकाची तयारी केली होती. त्यांचा मुद्दा असा की सौम्य नशा बंद करून पंजाबने पोरांना ‘चिट्ट्या’कडे, म्हणजे हेरॉइनकडे ढकललं. कायदा मात्र जागचा हललेला नाही.

प्रमाणांचे आकडे केंद्राच्या हातात आहेत, ते मुंबईतून बदलता येत नाहीत. पण पोलीस राज्याचे आहेत. काही ग्रॅमसाठी अटकेऐवजी नोटीस द्या, आणि कलम ६४ए ची माहिती प्रत्येक आरोपीला लेखी द्या, असं परिपत्रक काढायला दिल्लीची परवानगी लागत नाही.

मुलगा अमेरिकेत शिकतो. तिथल्या राज्यात गांजा कायदेशीर आहे. मग काळजी नको ना?

उलट जास्त काळजी. राज्याने परवानगी दिली तरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात गांजा अजून गुन्हाच आहे, आणि व्हिसा, ग्रीन कार्ड, नागरिकत्व हे सगळं केंद्रीय. स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंत गांजा बाळगल्याच्या एकाच गुन्ह्यामुळे देशाबाहेर काढत नाहीत, हा अपवाद आहे, पण तो फक्त हाकलण्यापुरता. परत आत येताना अडवू शकतात, अगदी खटला न होता नुसतं ‘ओढला होता’ असं अधिकाऱ्याजवळ कबूल केलं तरी. २०२२ मध्ये अध्यक्ष बायडेन यांनी केंद्रीय कायद्याखालच्या साध्या बाळगण्याला माफी दिली, ती नागरिकांना आणि ग्रीन कार्डवाल्यांना. विद्यार्थी आणि एच-वन-बी व्हिसावाले त्यात नव्हते. आणि सिंगापूरमार्गे येणाऱ्यांनी तर सामान दोनदा तपासावं. तिथे ५०० ग्रॅमच्या वर गांजाच्या तस्करीला फाशी आहे.

माझ्यावर केस चालू आहे. कबूल करून दंड भरून टाकू का?

वकिलाशी बोलल्याशिवाय नको. लावलेलं कलम २० आहे की २७, प्रयोगशाळेचा अहवाल आला का, कलम ५० पाळलं का, ६४ए ची वाट मोकळी आहे का, हे चार प्रश्न आधी विचारा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. सवय सुटत नसेल तर १४४४६ ही केंद्राची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. मानसिक त्रास असेल तर १४४१६ वर टेलि-मानस. दोन्हीकडे फोन मोफत लागतो.